बाळंतपणानंतरची गोळी : तक्रार नेमकी कशाची?

आपण लिहिता की पहिल्या बाळंतपणासाठी आपण माहेरी होता. तेथील खासगी प्रसूतिगृहात चौथ्या आठवड्याच्या तपासणीत, बाळाला अंगावर पाजता का हे न विचारताच, आपल्याला दोन संप्रेरकांची (हार्मोन्सची) गर्भनिरोधक गोळी लिहून देण्यात आली. पुढे दूध कमी झाले, बाळाचे वजन वाढेना आणि दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवली. आता सासरी परतल्यावर भरपाई मागता येईल का, असा आपला प्रश्न आहे.

मागता येईल. मात्र ‘संप्रेरकाने बाळाला अपाय केला’ असे तक्रारीत लिहू नका, कारण संप्रेरकांची सगळीच साधने स्तनदा मातेला वर्ज्य नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या निकषांनुसार केवळ प्रोजेस्टोजेन हे एकच संप्रेरक असलेली गोळी स्तनपान करणाऱ्या मातेला सर्वसाधारणपणे चालते, सरकारी कार्यक्रमातील ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येते आणि ‘छाया’ गोळीत तर संप्रेरकच नसते. आपल्याला दिलेली, प्रोजेस्टोजेनबरोबर इस्ट्रोजेनही असलेली संयुक्त गोळी मात्र त्याच निकषांनुसार पहिल्या सहा आठवड्यांत देऊ नये आणि सहा महिन्यांपर्यंत सहसा टाळावी, कारण तिने दूध घटू शकते आणि बाळंतिणीला रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही त्या सुरुवातीच्या आठवड्यांतच अधिक असतो. आपल्याला गोळी मिळाली चौथ्या आठवड्यात, आणि आपली बाजू इथेच भक्कम आहे.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, त्यातील महत्त्वाचे धोके आणि उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती होय. आपल्याला काही विचारलेही नाही आणि सांगितलेही नाही, हाच तक्रारीचा गाभा ठेवा. दूध गोळीमुळेच आटले हे सिद्ध करणे त्याहून कठीण आहे, कारण दूध कमी होण्याची इतरही कारणे असतात आणि समोरचे वकील तीच पुढे करतील. म्हणून औषधाची चिठ्ठी, गोळ्यांचे रिकामे पाकीट, पैसे भरल्याची पावती, बाळाच्या वजनाच्या तारीखवार नोंदी असलेले कार्ड आणि गोळी थांबवणाऱ्या डॉक्टरांचे टिपण जपून ठेवा. प्रसूतिगृहाकडे आपल्या कागदपत्रांची लेखी मागणी आजच करा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या विनियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागतात.

आपण शुल्क भरले असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो, आणि माहेरच्या जिल्ह्यात खेटे न घालता आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. राज्य वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार करता येईल, पण तेथून शिस्तभंगाची कारवाई होते, भरपाई मिळत नाही. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरांवर फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आपण कळवलेल्या हकिकतीवरून तो मला दिसत नाही.