बायबलची ‘उच्च टीका’: लिहिलेली की केलेली?

प्रश्न असा आहे: बायबलच्या अभ्यासाविषयी वाचताना ‘उच्च टीका’ हा शब्द भेटतो. ही बायबलला नावं ठेवणारी टीका, की गीतेवरच्या टीकेसारखी टीका? आणि ‘उच्च’ कशाच्या मानाने?

खरं तर दोन्ही नव्हे, आणि म्हणूनच हा शब्द मला गैरसोयीचा वाटतो. मराठीत ‘टीके’चा अर्थ क्रियापदावर ठरतो. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली. तिथे ‘केली’ म्हणून पाहा, अर्थ पार फिरतो. लिहिलेली टीका ग्रंथ प्रमाण मानूनच सुरू होते. जुन्या ख्रिस्ती परंपरेतलं बायबलवाचन या जातीचं आहे. तिथे वचनाचे चार अर्थ लावत: शब्दशः, रूपकात्मक, नैतिक आणि पारलौकिक. यरुशलेम म्हणजे ज्यूंचं नगर, म्हणजेच ख्रिस्तमंडळी, म्हणजेच माणसाचा आत्मा, म्हणजेच स्वर्गीय नगर. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने तर येशूने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची, म्हणजे लुटलेल्या वाटसरूला उतारशाळेत नेऊन वाचवणाऱ्या परक्याची, अख्खी गोष्ट अशी उलगडली: लुटला गेलेला वाटसरू आदाम, शोमरोनी खुद्द ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा चालक प्रेषित पौल. आज हे ओढूनताणून आणलेलं वाटतं, पण कल्पकतेला दाद द्यावीच लागते. पुढे सोळाव्या शतकात धर्मसुधारक ल्यूथरने रूपकांवरचा भर कमी करून शब्दार्थ पुढे आणला. ग्रंथाचं प्रामाण्य मात्र त्यालाही मान्यच होतं.

‘उच्च टीका’ वेगळंच विचारते: हे कुणी, कधी, कोणत्या साधनांतून रचलं? ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय उघडून बघा. पहिल्यात ‘देव’ आधी पशू घडवतो, मग माणसं. दुसऱ्यात कर्ता ‘परमेश्वर देव’ होतो आणि पुरुष आधी, पशू नंतर, स्त्री शेवटी असा क्रम लागतो. नावांतल्या या फरकावरून १७५३ मध्ये झाँ आस्त्र्युकने मांडलं, की परंपरेने या पुस्तकाचा कर्ता मानलेल्या मोशेसमोर जुनी वेगवेगळी टिपणं असावीत. मोशेचं कर्तृत्व नाकारण्याचा त्याचा हेतू नव्हता, उलट तो ते सावरत होता. (पेशाने हा गृहस्थ वैद्य! तेव्हा ‘चिकित्सा’ शब्द त्याला दुहेरी शोभतो.) एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांमागच्या चार मूळ साधनांचा सिद्धांत पक्का केला, तोवर मोशेचं कर्तृत्व बाजूला पडलं होतं.

‘उच्च’चा मान-मोठेपणाशी संबंध नाही. हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं हा तळमजला, रचनेची चौकशी हा वरचा. तळमजल्यावरचं काम म्हणजे आपली पाठचिकित्साच. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानातली प्रसिद्ध गोष्ट चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाही, हे तिथेच कळतं.

हे काम फक्त नास्तिकांचं, असंही नाही. मूळ भाषा आणि प्राचीन लेखनप्रकार यांच्या अभ्यासाला १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनीच परिपत्रक काढून उत्तेजन दिलं.

तेव्हा ‘उच्च टीके’ऐवजी सरळ ‘ग्रंथचिकित्सा’ लिहावं, ‘उच्च’ गाळावं. वचनामागून वचन समजावत जाणाऱ्या लेखनाला ‘भाष्य’ आहेच, आणि अर्थ कोणत्या नियमांनी लावायचा याच्या शास्त्राला ‘अर्थनिर्णयशास्त्र’. ‘टीका’ लिहायचीच असेल, तर शेजारी क्रियापद नीट निवडा.