पगार वाढवला तरी सिस्टर टिकत नाहीत, कामात मन लागत नाही, काय चुकतंय?

ऐरोलीतल्या तुमच्या 120 खाटांच्या रुग्णालयात पगारवाढीनंतरही सिस्टर सहा महिन्यांत सोडून जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी आधी ड्यूटी चार्ट काढून बघेन.

30 कॉटचा वॉर्ड घ्या. एका सिस्टरकडे 6 रुग्ण धरले तर प्रत्येक पाळीत 5, दिवसाला 15, आठवड्याला 105 ड्यूट्या भरायच्या. रजा राखीव 30 टक्के धरून 20 जणी असतील, तर आठवड्याला सहाप्रमाणे 120 ड्यूट्या होतात. 105 च्या वरच्या 15 ड्यूट्यांमध्ये नाइट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी), सीएल (किरकोळ रजा), आजारपण बसवायचं. 16 च जणी असतील तर होतात 96. म्हणजे एकीलाही ताप यायच्या आधीच दर आठवड्याला 9 डबल ड्यूट्या ठरलेल्या. अशा वॉर्डात कोणाचंच मन लागणार नाही, कितीही चांगली मुलगी असो.

मग तीन दिवस दर अर्ध्या तासाला सिस्टर काय करतेय ते टिपा. फार्मसीचं इंडेंट (औषधांची मागणी), रिपोर्टसाठी लॅबला फोन, टीपीएचे म्हणजे विम्याच्या दाव्यांचे कागद, व्हीलचेअर शोधणं यात किती वेळ जातो ते दिसेल. ही कामं वॉर्ड क्लार्क आणि मावशींकडे गेली पाहिजेत. दमणं वेगळं, आपल्या शिक्षणाचा उपयोगच होत नाही असं वाटणं त्याहून वाईट.

तिसरी गोष्ट वॉर्डची इनचार्ज सिस्टर, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. नातेवाईक अंगावर आले किंवा डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, तर ती मध्ये उभी राहते का? औषधाची चूक कळवली की लगेच मेमो मिळत असेल, तर पुढची चूक लपवली जाते आणि रुग्ण धोक्यात येतो.

चार्ट महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लावा. संध्याकाळची पाळी 8 ला सुटते, पुढच्या पाळीला ओव्हर (रुग्णांची माहिती) देता देता पावणेनऊ. त्यानंतर ठाण्याला गाडी बदलून बदलापूरला जाणारीला दुसऱ्या दिवशी सकाळची 8 ची ड्यूटी देऊ नका.

पगाराचंही तपासा. केंद्राच्या तज्ज्ञ समितीची 2016 ची शिफारस अशी की 100 ते 200 खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या समान पदापेक्षा फार तर 10 टक्के कमी असावा. कमी पगाराने माणूस जातो हे खरं. पण नुसत्या वाढीने मन लागत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे.

कामात मन किती लागतं हे मोजायचं असेल तर त्यासाठीच्या उट्रेख्त प्रश्नावलीची (UWES) 9 प्रश्नांची छोटी आवृत्ती घ्या. ऊर्जा, समर्पण आणि तल्लीनता यांवर तीन-तीन प्रश्न, प्रत्येकी 0 ते 6 गुण. नाव न लिहिता भरून घ्या, फक्त वॉर्ड लिहू द्या. फॉर्म इनचार्जने गोळा केले तर सगळीकडे 5 आणि 6 च दिसतील. बंद पेटी ठेवा. पगार एकच असून दोन वॉर्डांच्या सरासरीत मोठा फरक आला, तर कारण त्या वॉर्डातच शोधा. चार्ट बदलल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा भरून घ्या.