वाचकांचे प्रश्न : मित्रसैन्याच्या माऱ्यात गेलेले सैनिक

प्रश्न : आमचे घर दौलतगंजात आहे आणि महाराजपूरहून उडणाऱ्या विमानांचा आवाज आम्हाला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझा पुतण्या सैन्यात आहे. २००२ साली अफगाणिस्तानात अमेरिकन विमानाने टाकलेल्या बॉम्बने चार कॅनेडियन सैनिक ठार झाले, त्यावर कॅनडात फार मोठा क्षोभ झाला, असे वाचनात आले. शत्रूच्या हातून त्याहून कितीतरी अधिक सैनिक गेले असतील. मग लोकांचा राग या चौघांसाठीच इतका का उसळला? युद्धात चुका होतातच, हे त्यांना समजत नव्हते का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या प्रश्नातली एक गोष्ट आधी दुरुस्त करतो, कारण उत्तराचा काही भाग तिच्यातच आहे. अफगाणिस्तानच्या त्या दीर्घ मोहिमेत कॅनडाचे १५८ सैनिक गेले, हे खरे. परंतु एप्रिल २००२ पर्यंत शत्रूने त्यांच्यापैकी एकालाही मारले नव्हते. तेथे मरण पावलेले कॅनडाचे पहिले चार सैनिक हेच. अमेरिकेवर हल्ला झाला म्हणून तिच्या मदतीला गेलेल्या देशाकडे पहिल्या शवपेट्या परतल्या, त्या अमेरिकेच्याच बॉम्बमुळे.

घटना अशी घडली. कंदाहारजवळच्या तारनाक फार्म येथे प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फन्ट्री या पलटणीचे सैनिक रात्रीच्या गोळीबाराचा सराव करीत होते. वरून जाणाऱ्या दोन अमेरिकन एफ-१६ विमानांपैकी एकाच्या वैमानिकाला खाली उडणाऱ्या ठिणग्या दिसल्या, आपल्यावरच मारा होत आहे असे त्याला वाटले, आणि गोळीबार करू नका अशी सूचना मिळालेली असतानाही त्याने स्वसंरक्षणाचे कारण सांगून लेसरने नेम साधणारा ५०० पौंडांचा बॉम्ब टाकला. चार जण ठार झाले आणि आठ जखमी झाले.

युद्धात चुका होतात, हे लोकांना समजत होते. त्या वेळच्या प्रतिक्रिया वाचताना मला असे दिसते की, चुकीबद्दल दुःख होते. राग होता तो चुकीनंतरच्या वागण्याबद्दल. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी कॅनडाचे पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांना दूरध्वनी करून शोक व्यक्त केला होता, परंतु दुसऱ्या दिवशी आपल्या जाहीर कार्यक्रमांत त्यांनी या मृत्यूंचा उल्लेख केला नाही, आणि कॅनडातल्या घराघरांत लोकांनी नेमके हेच पाहिले. सरकारांनी आपसात काय बोलणे केले, हे ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला ऐकू येत नाही. आपल्याकडेही एखाद्याच्या घरी मृत्यू झाला की शेजारी फोनवर बोलून थांबत नाहीत, दारी जाऊन बसतात. न आलेल्याची आठवण त्या घरात वर्षानुवर्षे राहते. कॅनडाच्या जनतेला अमेरिका दारी आल्याचे दिसले नाही. एडमंटन येथे झालेल्या शोकसभेला मात्र हजारो लोक जमले.

पुढे खटल्याचे जे झाले त्याने ही जखम भरू दिली नाही. वैमानिकांवर आधी सदोष मनुष्यवधाचे आरोप ठेवण्यात आले. प्राथमिक सुनावणीत बचावपक्षाने, लांबच्या उड्डाणात जागे राहण्यासाठी हवाई दलानेच अँफेटामिनच्या गोळ्या दिल्या होत्या, हा मुद्दा मांडला. नंतर ते आरोप मागे घेतले गेले, आणि जुलै २००४ मध्ये बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कठोर शब्दांचे ताशेरापत्र आणि ५,६७२ डॉलरचा दंड, एवढी शिक्षा झाली. चार जिवांपुढे हा आकडा ठेवून पाहणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, ते मी वेगळे सांगत नाही. माझ्या मते तुरुंगवासाने या प्रकरणात फारसे काही साधले नसते. परंतु मित्रदेशाच्या मृतांचा हिशेब मित्रदेशाच्याच दफ्तरात, त्याच्याच नियमांनी लावला जातो आणि मृतांच्या देशाला तो केवळ वाचायला मिळतो, ही गोष्ट लोकांना सोसत नाही, आणि ती सोसावी असा आग्रह आपणही धरू नये.

ब्रिटनचा अनुभव याहून जुना आहे. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात अमेरिकेच्या ए-१० या जमिनीवर मारा करणाऱ्या विमानांनी ब्रिटिश वॉरियर चिलखती गाड्यांवर मारा केला आणि नऊ तरुण सैनिक मारले गेले. मृत्यूची चौकशी १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाली. अमेरिकन वैमानिक तेथे साक्षीला आले नाहीत, आणि ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर रीतीने घडवले गेल्याचा निर्णय दिला. बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, बसऱ्याजवळ पुन्हा ए-१० विमाने होती आणि पुन्हा ब्रिटिश गाड्या होत्या. आपल्या बाजूची खूण म्हणून गाड्यांवर नारिंगी फलक लावलेले होते. वैमानिकांना ते अग्निबाण वाटले. या वेळी एक सैनिक ठार झाला. विमानातल्या चित्रीकरणाची मागणी अमेरिका टाळत राहिली, शेवटी फेब्रुवारी २००७ मध्ये ते एका ब्रिटिश वृत्तपत्राने प्रसिद्ध केले, तेव्हा सैनिकाच्या मृत्यूला जवळजवळ चार वर्षे झाली होती. त्या ध्वनिमुद्रणात आपल्या हातून काय झाले हे कळल्यावर कळवळलेले वैमानिकांचे आवाज ऐकू येतात. हेच चित्रीकरण पहिल्या महिन्यात त्या घरच्यांपुढे ठेवले गेले असते, तर पश्चात्ताप पावलेला माणूस त्यांना त्याच वेळी ऐकू आला असता; चार वर्षे दडवल्यामुळे तेच चित्रीकरण दोषाचा पुरावा म्हणून लोकांसमोर आले. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

शेजारच्या देशाचे उदाहरण आपल्या वाचकांना आठवत असेल. २६ नोव्हेंबर २०११ रोजी अफगाण सीमेजवळच्या सलाला येथे नाटोच्या हवाई हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक ठार झाले. पाकिस्तानने नाटोचा अफगाणिस्तानात जाणारा रसदमार्ग बंद केला, आणि तो जुलै २०१२ मध्ये, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी दिलगिरीचा शब्द उच्चारल्यावर, उघडला. या सात महिन्यांत राजकारण आणि सौदेबाजी पुष्कळ होती, हे मान्य. तरी पाकिस्तानने जी मागणी लावून धरली, तिच्यात तो एक शब्द होताच.

प्रश्न : 'फ्रेंडली फायर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'मैत्रीपूर्ण गोळीबार' हे वाचताना विचित्र वाटते.
— एक वाचक, मुरार

उत्तर : आपल्याला विचित्र वाटते, ते योग्यच आहे, गोळी मैत्रीची असू शकत नाही. सैनिकी लेखनात लॅटिन धातूवरून आलेला 'फ्रॅट्रिसाइड' हा शब्दही वापरतात. त्याचा सरळ अर्थ भ्रातृहत्या. पण मराठीत हत्या म्हटले की हेतू येतो, आणि येथे हेतू नसतो. ब्रिटिश सैनिक 'ब्लू ऑन ब्लू' म्हणतात, कारण नकाशावर आपली बाजू निळ्या रंगाने दाखवतात. मी 'मित्रसैन्याचा मारा' असे लिहितो, आणि दोन्हीकडे एकाच देशाचे सैन्य असेल तर 'स्वपक्षाचा मारा' असे.

प्रश्न : अशा घटनांची उघड चर्चा केल्याने सैनिकांचे मनोधैर्य खचत नाही का? माझा मुलगा हवाई दलात आहे, म्हणून विचारते.
— एक वाचिका, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, आपण आई म्हणून विचारले आहे, म्हणून गावाला जवळचे उदाहरण देतो. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर गेलेली मिराज विमाने आपल्या महाराजपूरच्या तळावरची होती, हे ग्वाल्हेर अभिमानाने सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनगरजवळ बडगाम येथे आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक असे सात जीव गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीरपणे सांगितले. मधले सात महिने त्या घरांनी कुजबुजीवर काढले असणार. जाहीर कबुलीनंतर हवाई दल दुबळे झाले, असे कोठेही दिसले नाही.

उलट लपवण्याने काय होते, ते अमेरिकेने स्वतःच्या सैनिकाच्या बाबतीत पाहिले. पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलचा प्रसिद्ध खेळाडू सैन्यात गेला आणि २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळ्यांनी मारला गेला. तो शत्रूशी लढताना पडला, असे घरच्यांना सांगण्यात आले, शौर्यपदक जाहीर झाले, सार्वजनिक शोकसभा झाली, आणि खरे कारण त्यांना सुमारे महिन्याभराने कळले. त्याच्या आईने त्यानंतर कितीतरी वर्षे चौकशांचा पाठपुरावा केला. तिचा मुलगा शूर होता, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्यासाठी खोटी हकीकत रचण्याची गरजही नव्हती.

आपल्या मुलाला या विषयावर घरी बोलावेसे वाटले, तर त्याला बोलू द्यावे. मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखणारी यंत्रणा, संदेशवहनाची शिस्त, मारा करण्याआधीची खातरजमा, या सगळ्यांत सुधारणा होते ती अशाच घटनांच्या चौकशीतून, आणि त्या सुधारणेचा पहिला लाभ त्यालाच होणार आहे.