काठावरून : रोह्याचा ठसा आणि सतरा अक्षरं

श्रावणात पत्रं वाढतात. बागेत काम असतं, पावसाने हात रिकामे होतात, मग लोकांना माझी आठवण येते. या खेपेला निम्मी पत्रं रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, नावाने शिमगा करणारी आणि निम्मी हायकूची, म्हणजे तीन ओळींच्या जपानी घाटाच्या कवितेची. एका पत्रात दोन्ही आहे, त्याला जास्त जागा देतो. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : गुरुजी, बँकेतून निवृत्त झाल्यावर कन्नडजवळ डोंगराच्या पायथ्याला दहा गुंठे घेतले. गुलाब, भेंडी, गवार लावली. रोही रात्रीतून साफ करून जातात. चार फुटी काटेरी तार मारली, उपयोग नाही. शेजारी म्हणतात, तारेत करंट सोडा. काय करू?

साहेब, करंटचा विचार आधी डोक्यातून काढा. रोही मरेल, शेजाऱ्याचं वासरू मरेल, नाहीतर पहाटे मोटार चालू करायला गेलेला माणूस मरेल. तिन्हींत तुरुंग आहे, आणि तुरुंग नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

चार फुटी तार रोह्याला उंबरठ्यासारखी. मीही पहिल्या वर्षी तीच चूक केली. माझे पंधरा गुंठे गौताळ्याच्या जंगलाला लागून आहेत. १९८६ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं रान, आणि त्याच्या तोंडाशी माझी गवार. मी रोह्याच्या ताटात पेरलं होतं, दुसरं काय! तार गेली, मग जुनी लुगडी बांधली. आपल्याकडे तुरीला, हरभऱ्याला सगळेच बांधतात. महिनाभर बरं चाललं. वाऱ्याने पदर हलायचा, रोही बिचकायचे. नंतर त्यांना सवय झाली आणि एके सकाळी बायकोने भाचीच्या लग्नातलं लुगडं ओळखलं. ते जुनं नव्हतं. तो विषय इथे वाढवत नाही.

शेवटी टिकलं ते गजग्याचं कुंपण. गजगा म्हणजे सागरगोटा. पोरी खेळतात ते करड्या रंगाचं गुळगुळीत बी. त्याची साल दगडासारखी, तशीच पेरली तर वर्ष-वर्ष हलत नाही. खरबरीत फरशीवर एका बाजूने घासा, आतला पांढुरका भाग जेमतेम दिसू द्या, मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी हाताला कळतं. न फुगलेलं पुन्हा घासा. हात-हात अंतरावर, दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप येईल असं लावा. मृग साधता आला असता तर उत्तमच, पण आश्लेषाच्या सरींवरही लागतं. दोन-तीन पावसाळे थांबावं लागेल. फांदीला काटे, पानाच्या देठाला काटे, शेंगेलासुद्धा काटे. एकदा जाळी झाली की रानडुक्कर आत घुसायचं नाव काढत नाही आणि रोही उडी मारायच्या आधी विचार करतो. तोवर बाहेरून बोराटीची कुपाटी घाला. आतल्या बाजूने करवंद लावा, म्हणजे नातवंडांचीही सोय होईल.

दोन गोष्टी आणखी. रोही ठरावीक जागी लेंड्या टाकतो. तो ढीग शोधा, म्हणजे त्याची वाट सापडेल. तिच्या तोंडावर बाग करू नका. माझ्याकडे त्या बाजूला अडुळसा आणि गवती चहा आहे, दोन्हींना आजवर तोंड लागलेलं नाही. सीताफळही लावा. त्याच्या पाल्याला शेळीसुद्धा शिवत नाही. आणि कुंपण शेवटच्या इंचापर्यंत न्यायचा अट्टाहास नको. मी रानाकडची दहा फुटांची पट्टी तशीच सोडली आहे. तिथे आपोआप बोर आली, तरवड आला, कुसळी गवत माजलं. गावातले लोक म्हणतात मास्तरांची जमीन वाया चालली. बागेतले अर्धेअधिक पक्षी त्या वाया गेलेल्या पट्टीतून येतात.

प्रश्न : सोयगाव तालुक्यात डोंगराकडेला शेत आहे. अलीकडे हायकू लिहितो. एक पाठवत आहे : ‘निसर्ग राणी / हिरवा शालू नेसून / हसली गाली’. ‘र्ग’ एक अक्षर धरायचं की दोन? दुसऱ्या ओळीत आठ होतात, चालतील का? पत्राला दोन दिवस उशीर झाला, क्षमस्व. रोही रोज पहाटे येतो. काल भेंडीच्या वाफ्यात त्याच्या खुराचा ठसा होता, त्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि काठावर गांधीलमाशी बसून पाणी पीत होती. ते बघत बसलो आणि पोस्टाची वेळ टळली.

दादा, आधी हिशेब. मराठीत जोडाक्षर एकच धरतात. नि-स-र्ग, तीन. दुसऱ्या ओळीत ‘नेसून’ऐवजी ‘नेसे’ केलंत की सात भरतात. पाच-सात-पाच, सतरा. झालं तुमचं उत्तर.

पण या सतरांचा फार धाक बाळगू नका. जपानीत मोजतात ते आपलं अक्षर नव्हे. तिथे दीर्घ स्वराला दोन मात्रा, ‘न्’चा नुसता नाद वेगळा, आणि ‘प्प’मधला अर्धा ‘प्’ही वेगळा धरतात. ‘निप्पोन’ हा शब्द आपण बोटांवर मोजत तीन म्हणू, ते चार मोजतात. म्हणजे त्यांची सतरा आपल्या सतरांपेक्षा लहान, चटकन संपणारी. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत रुजवला, पण त्यांच्या ओळी अक्षरांच्या मापाला बांधलेल्या नाहीत. तीनपैकी दोन ओळींत यमक साधायची रीत आपल्याकडे पडली. तुमच्या ‘राणी’ आणि ‘गाली’मध्ये त्याचाच प्रयत्न दिसतो. मी वर्गात चाळीस वर्षं कविता शिकवली. यमक पोरांना फार आवडतं, मलाही आवडतं. हायकूत मात्र ते आपसूक आलं तर घ्यावं, ओढून आणू नये.

आता शालू. मी रागावून बोलत नाही, पण हा शालू आपण निसर्गाला किती वर्षं नेसवणार? शाळेच्या भिंतीवर, पंचायत समितीच्या कॅलेंडरवर, सगळीकडे तोच. तुमच्या डोंगरावर आत्ता कुठला हिरवा आहे? सागाच्या नव्या पानाचा तांबूस-हिरवा, धावड्याचा, की बांधावरच्या केन्याचा ओला हिरवा? राणी आणली की हे सगळं झाकून जातं. तुमच्याच तालुक्यातल्या पळसखेड्याला ना. धों. महानोर (१९४२–२०२३) राबले. त्यांच्या कवितेतलं रान हे मोट, पेरणी, पिकं माहीत असलेल्या माणसाचं रान आहे. तुम्हालाही ते माहीत आहे, म्हणून बोलतो.

खरी गंमत अशी की तुम्ही हायकू लिहिलात आणि तो क्षमा मागण्यात घालवलात. ‘पत्राला उशीर झाला’ या वाक्यानंतरचं पुन्हा वाचा. मी फक्त जास्तीचे शब्द काढतो :

रोह्याचा ठसा
साचलं त्यात पाणी
गांधीलमाशी

मोजा. पाच, सात, पाच. एकही शब्द माझा नाही म्हटलं तरी चालेल. ‘पीत होती’ मी गाळलं, कारण पाणी आणि गांधीलमाशी शेजारी ठेवली की ती काय करते आहे ते वाचणाऱ्याला दिसतं. आणि रोह्याने भेंडी खाल्ली हेही सांगावं लागत नाही. एवढं मोठं जनावर रात्री आलं, नासधूस करून गेलं, आणि त्याच्या जाण्याचा उपयोग एका माशीला झाला. हे मी आत्ता गद्यात बोललो तर किती बेचव झालं बघा.

जपानी कवी ओळ तोडायला खास शब्द वापरतात, त्याला किरेजी म्हणतात. आपल्याकडे तसा शब्द नाही, ओळ मोडली की काम होतं. मधे श्वास जाईल एवढी फट ठेवायची. वरच्या तीन ओळींत ‘पाणी’नंतर थांबून बघा.

एक गोष्ट तुम्हाला शेतकरी म्हणून आवडेल. जपानी हायकूचा थोर कवी बाशो (१६४४–१६९४), पण बाशो हे त्याचं जन्मनाव नव्हे. एदो (आजचं टोकियो) शहराच्या काठावर फुकागावात तो झोपडी करून राहिला, तिथे एका शिष्याने केळीचं रोप आणून लावलं. बाशो म्हणजे केळ. रोपावरून झोपडीला नाव, झोपडीवरून कवीला. ती केळ खायच्या केळ्यांची नव्हती, तिच्या लाकडाचा उपयोग नाही, पानं वाऱ्याने फाटायची, आणि तेच त्याला आवडायचं. शेजारी रानगवताचा कोंब उगवला तेव्हा मात्र तो चांगलाच वैतागला, त्या वैतागाचाही हायकू केला. तणावर चिडणारा माणूस म्हटल्यावर तो मला आपल्यातला वाटायला लागला.

‘र्ग’बद्दल आणखी शंका असेल तर नंतर विचारा. आधी रोज सकाळी वाफ्यावर जाऊन या.

प्रश्न : अभयारण्यात फिरायला गेलो असताना कळलावीची फुलं दिसली. एक-दोन कंद आणून कुंडीत लावले तर चालतील का?

नाही. अभयारण्यातलं रोप उपटणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा आणि ठिसूळ असतो, कोंब त्याच्या टोकाशी येतो. खुरप्याने उकरताना टोक मोडलं की हातात नुसतं विष उरतं. हो, विष, कळलावीचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, आणि तुमच्या घरी रांगतं बाळ आहे असं तुम्हीच लिहिलंय. बाग मोठी असेल, कुंपण असेल, पोर कळतं झालं असेल, तर रोपवाटिकेतून आणा. तोवर पुन्हा जाऊन बघून या. लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वळतात आणि पानाचं टोक स्प्रिंगसारखं होऊन शेजारच्या काडीला धरतं, ते नीट बघा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचं गाव औसा तालुक्यात. आमच्याकडे जंगल नाही, डोंगर नाही, पाऊसही दडी मारून बसतो. सोयाबीन आणि तूर, एवढंच. बाईंनी निसर्गावर हायकू लिहायला सांगितलाय. मी काय लिहू?

बाळ, लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतं, हे तुझं खरं आहे. पण तुझ्या वावराला बांध आहे ना? तो तुझ्या जंगलाचा काठ. बांधावर बोर, बाभळ, रुई असणारच. सोयाबीन ज्याने पेरलं त्याचं, बांधावरचं कुणी पेरलेलं नसतं. तिथे हातभर जागा खुणेने धर आणि आठ दिवस रोज एकाच वेळी जाऊन बस. वही नेऊ नकोस. घरी येऊन जे आठवेल तेवढंच लिही.

हायकूत ऋतूची खूण देणारा शब्द घालायची पद्धत आहे, जपानीत त्याला कीगो म्हणतात. तिकडे अशा शब्दांचे कोश असतात. तुझा कोश तुझ्या आजीकडे आहे. तिला पावसाची नक्षत्रं विचार : मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हत्ती. ‘म्हातारा पाऊस’ लिहिलंस की महिना सांगावा लागत नाही. मृगाचा मखमली किडा, पोळ्याची बैलाच्या शिंगाची हिंगूळ, वेळ अमावस्येची कडब्याची कोप, म्हणजे शेतातली खोपी. ही कोप तर तुमच्या लातूर-धाराशिवाकडचीच, आमच्या कन्नडच्या पोरांना ती सांगून कळत नाही. कोप, भज्जी, आंबील, यातलं काहीही घे. मात्र एका हायकूत एकच, तिन्ही कोंबू नकोस.

आणि पाऊस नसणं हाही ऋतूच. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तू फार लहान असशील. मी त्या उन्हाळ्यात बहिणीकडे होतो. गल्लीत टँकर आला की धावपळ, आरडाओरडा, नळी ओढायची भांडणं. आमचा नंबर लागला. टँकर उभा होता तिथे लिंबाचं झाड होतं, चैत्रातलं, फुलोऱ्याने भरलेलं. हंडा काठोकाठ झाला तशी बहीण थांबली. रात्री मी हे लिहिलं :

हंडा भरला
वर तरंगे फूल
कडुलिंबाचं

बहिणीने ते फूल काढलं नाही. काढायला गेलं असतं तर ओंजळभर पाणी सांडलं असतं. तसाच हंडा तिने डोक्यावर घेतला आणि घरी नेऊन ठेवला.