शिफारशीचं पान लिहिण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा कोर्टातून आल्यावर वाचलं. तुमच्या लॉ कॉलेजने उत्कृष्ट शिक्षकाच्या पुरस्कारासाठी शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून शिफारशी मागवल्या आहेत, एका पानात कारणं लिहून द्यायची आहेत, आणि तुझं मन दोन नावांत अडकलंय. एक सर, ज्यांचा तास कधी संपला ते कळत नाही, नोट्स सुबक, पोर्शन दिवाळीच्या आत पूर्ण. दुसऱ्या मॅडम, ज्यांनी कोर्टाच्या एकाच निकालावर पाच तास घालवले, शेवटची दोन प्रकरणं राहूनच गेली, पण त्यांचा तास सुटल्यावर तुम्ही चहाच्या टपरीवर अर्धा तास भांडत उभे असता. "मावशी, चांगलं शिकवणं ओळखायचं कसं?" असं तू विचारलंस. तुझं ते टपरीचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुझं निम्मं उत्तर तिथेच आहे, पण मला ते कळायला फार वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी 1985 साली लॉला प्रवेश घेतला. सकाळी साडेसातचा तास. कॉन्ट्रॅक्ट शिकवणाऱ्या सरांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा मागे उभी राहायची, इतकी त्यांची वाणी सुंदर. घटना शिकवणारे सर अगदी उलट. हळू बोलायचे, मध्येच थांबायचे, फळ्यावर फारसं काही लिहायचे नाहीत. दुसऱ्या सत्रात एके दिवशी ते एका निकालपत्राच्या झेरॉक्स घेऊन आले. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. निकाल 10 जुलै 1985 चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा, लिहिलेला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी. आम्हाला तो तेव्हा ताजा होता.

प्रकरण तू वाचलंच असशील. जुलै 1981 मध्ये, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फूटपाथवरच्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हटवून गावी परत पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध याचिका झाल्या. गाईडमध्ये या निकालाची एकच ओळ असते: उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. परीक्षेला तेवढी पुरते. आम्हीही ती अधोरेखित करून बसलो होतो.

सरांनी विचारलं, "मग त्या माणसाची झोपडी राहिली का?"

वर्ग गप्प. पुढच्या बाकावरची एक मैत्रीण म्हणाली, "राहिली सर, तो जिंकला ना." सर चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "कुठल्या पानावर?"

आम्ही पानं उलटायला लागलो. तास संपला तरी सापडेना. दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानांवर जे सापडलं त्याने आम्ही सुन्न झालो. फूटपाथ चालण्यासाठी आहे, तिथे घर करायचा हक्क कोणालाच नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं. अतिक्रमण काढायचा अधिकार देणारं 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 314 वैध ठरवलं होतं, फक्त ते वापरण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची अपेक्षा ठेवली होती. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, फूटपाथवरच्यांना हात लावायचा नाही. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही, असं मात्र नाही. म्हणजे हक्क मान्य झाला आणि छप्पर गेलं. दोन्ही एकाच निकालात.

मग तिसऱ्या तासाला सरांनी सुरुवातीची पानं वाचायला लावली. त्यांतला एक याचिकाकर्ता तमिळनाडूतल्या सेलमहून 1961 साली आलेला भूमिहीन मजूर. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत 23 रुपये रोज. प्लॅस्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून 2500 रुपये उकळलेले. सर म्हणाले, "भागाकार करा." आम्ही वहीच्या मागच्या पानावर केला. जवळजवळ 109 दिवसांची मजुरी. न खाता, न पिता. मग त्यांनी कोर्टाचा युक्तिवाद वाचून दाखवला: ही माणसं कामाच्या जवळपास राहतात, कारण रोजचं येणंजाणं त्यांना परवडत नाही, जागा गेली की काम जातं, आणि काम गेलं की जगणं. भागाकार करून झाल्यावर ते वाक्य आम्हाला जसं कळलं, तसं आधी कळलं नसतं.

चौथ्या तासाला मला महापालिकेची बाजू मांडायला उभं केलं. मला राग आला होता, कारण माझं मन पूर्ण दुसऱ्या बाजूला होतं. पण नीट वाचायला बसले तेव्हा त्या बाजूचंही म्हणणं दिसलं. याचिकाकर्त्यांनी हायकोर्टात कबूल केलं होतं की फूटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आपण सांगत नाही. मग सुप्रीम कोर्टात ते शब्द फिरवू शकतात का, असा पालिकेचा आक्षेप होता. राज्यघटनेच्या विरोधात असा प्रतिबंध लागू होत नाही, असं कोर्टाने उत्तर दिलं. हे सगळं पुस्तकात आहे. सरांनी पुढे जे विचारलं ते पुस्तकात नव्हतं: "त्यांच्या वकिलाने हायकोर्टात ते का कबूल केलं असेल?" आजही, छत्तीसएक वर्षं वकिली केल्यावरही, मला त्या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं सुचतात.

आणि आम्ही काय केलं? पोर्शन मागे पडतोय म्हणून प्राचार्यांकडे अर्ज दिला. त्यावर माझीही सही होती.

सनद मिळाल्यावर पहिल्याच वर्षी एका तालुक्याच्या कोर्टात बांधाच्या वादात मी मनाईच्या अर्जावर, निशाणी 5 वर, युक्तिवाद करायला उभी राहिले. प्रथमदर्शनी बाजू, सोयीगैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, तिन्ही मुद्दे पाठ होते. निकालांचे दाखलेही होते. मी मिनिटभर बोलले असेन. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "बाई, आज त्या तुकड्यात पीक कोणाचं उभं आहे?" मला माहीत नव्हतं. मागे वळून अशिलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ज्वारी आहे साहेब, पण पेरलीय त्यांनी." अर्ज नामंजूर झाला. ताबाच समोरच्याचा होता, आणि मी तो विचारलाही नव्हता.

परत येताना एसटीत बसल्यावर सरांचा आवाज कानात आला. मग त्या माणसाची झोपडी राहिली का? त्यांनी पाच दिवस आम्हाला जे शिकवलं होतं ते हेच होतं, आणि मी ते घटनेच्या पेपरापुरतं समजून पेपराबरोबर सोडून दिलं होतं. तेव्हापासून कोणतीही फाइल हातात आली की मी आधी विचारते: जमीन आज कोण कसतंय, पोर आज कोणाकडे आहे, पैसे आज कोणाच्या खात्यात आहेत. कलम नंतर. सरांना हे सांगायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं, आणि एके दिवशी ते गेल्याचं कळलं. म्हणून तुझ्या त्या एका पानाचं मला इतकं वाटतंय.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तास चालू असताना आपण बहुतेक वेळा शिक्षकाकडे बघत असतो. तू जरा वर्गाकडे बघ. चुकीचं उत्तर आलं की काय होतं ते बघ. काही शिक्षक ते पुसून पुढे जातात, काही त्या मुलाला बसवतात. तुझ्या मॅडम, तू लिहिलंस त्यावरून, त्या चुकीच्या उत्तराचाच धागा धरून पुढे जातात. हे फार अवघड काम आहे, कारण त्यासाठी विषय इतका मुरलेला असावा लागतो की मुलगा कुठल्या वळणावर चुकला हे लगेच दिसतं. मागच्या बाकावर बघ. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजी निकाल अडखळत वाचणारा मुलगा त्या तासात बोलतो का? बोलला तर त्याचं म्हणणं शिक्षक मराठीतच पुढे नेतात की इंग्रजीत सांग म्हणून थांबवतात? मी अशी मुलं पुढे उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडताना पाहिली आहेत. ती कोणाच्या तरी वर्गात पहिल्यांदा बोलली होती.

एखादा प्रश्न आल्यावर "मला नक्की माहीत नाही, बघून सांगते" असं त्या म्हणतात का, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगतात का? आणि तपासलेला पेपर. समासात नुसता आकडा आहे, की "हे विधान कशावरून?" असं काही लिहिलंय? साठ पेपरांवर तसं लिहायला रात्री जातात. ते काम कोणी बघत नाही.

1 जुलै 2024 नंतर तर हे ओळखणं आणखी सोपं झालंय. जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या 302 चं 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318 झालं. ज्यांनी आकडे शिकवले होते त्यांच्या विद्यार्थ्यांना सगळं नव्याने पाठ करावं लागलं. ज्यांनी नानावटी खटला, म्हणजे बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला, नीट शिकवला होता त्यांच्या विद्यार्थ्यांचं फारसं काही बिघडलं नाही. दुपारी दीडला तो माणूस घरातून निघाला आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटल्या; मधल्या जवळजवळ तीन तासांत राग शमायला पुरेसा वेळ होता का? खुनाची व्याख्या जुन्या कलम 300 मध्ये असो की नव्या 101 मध्ये, वकिलाला घड्याळच बघावं लागतं.

अजून एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि कायद्याच्या शिक्षकांची आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा त्यामागचा विचार. निकाल छापून आला आणि ग्रंथालयांच्या कपाटात गेला. सप्टेंबर 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. भीतीने शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक कोर्टाने पाहिला नाही, हे त्यांनी निकालाच्याच शब्दांतून दाखवलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं, पुराव्याच्या कायद्यात 114अ आलं, म्हणजे अशा खटल्यात संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. पीडितेची ओळख उघड करायला बंदी घालणारं कलमही त्याच दुरुस्तीतलं, म्हणून त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही.

त्या चौघांनी निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता आणि पटला नाही तेव्हा तसं नाव घालून लिहिलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल चुकू शकतो, आणि तो कुठे चुकला हे सभ्य भाषेत, ओळीवर बोट ठेवून सांगता येतं, हे ज्या वर्गात मुलांना शिकायला मिळतं त्या वर्गाला मी मोठा मानते. तुझ्या दोघांपैकी कोणाच्या तासाला असं घडलंय, ते आठवून बघ.

तुझ्या त्या सरांवर अन्याय करू नकोस. सुबक नोट्स आणि वेळेवर संपलेला पोर्शन ही क्षुल्लक गोष्ट नाही. नोकरी करून शिकणाऱ्या, पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या मुलाला तोच आधार असतो. आणि मॅडमची दोन प्रकरणं राहिली हा दोषच आहे, तो लपवू नकोस. माझ्या सरांचीही राहिली होती, आणि त्यातलं एक मला पुढे स्वतः शिकताना जड गेलं. पण तुला विचारलंय ते उत्कृष्ट शिकवण्याबद्दल. माझं मत तुला एव्हाना कळलंच असेल. तरी नाव तूच ठरव. वर्गात तू बसली होतीस, मी नाही.

पान लिहिताना एवढं कर: "प्रभावी", "विद्यार्थीप्रिय", "तळमळीचे" हे शब्द नको. समितीपुढे अशी पन्नास पानं येणार. एक तास निवड. कोणता निकाल होता, काय विचारलं, कोण काय चुकीचं बोललं, मग काय झालं, आणि त्यानंतर तू कोणती गोष्ट वेगळी करायला लागलीस. साक्षीदाराला आपण सांगतो ना, ऐकीव नको, पाहिलेलं सांग. तसंच.

पुरस्कार कोणाला मिळतो ते मिळो. त्या पानाची एक प्रत मात्र त्या शिक्षकाच्या हातात स्वतः नेऊन दे. टपालाने नको, व्हॉट्सॲपवर नको.

रविवारी दुपारी मी घरी आहे. कच्चं लिहून झालं की घेऊन ये, आणि मॅडमनी तपासलेला तुझा तो पेपर जपून ठेवला असशील तर तोही आण. त्यांनी समासात काय काय लिहिलंय ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी