किल्ल्याचं कापड आणि तीन बाह्यांचा स्वेटर

तुमचे आजोबा १९७१ च्या युद्धाच्या वेळी हायस्कुलात होते. तेव्हाचे त्यांचे किस्से ऐकून हसू येतं, पण ते अशक्य वाटतात. मुलं खरंच असं काही करायची की या सगळ्या थापा, असं तुम्ही विचारलंय.

थापाच. पण त्या आम्ही सगळ्यांनी मिळून रचलेल्या होत्या, आणि मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

मी ग्वाल्हेरची. तेव्हा दहावीत होते, लष्करातल्या मुलींच्या शाळेत. (लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे वसलेला गावाचा भाग. मराठी घरं बरीचशी तिथेच.) दादा मुलांच्या शाळेत अकरावीला. ३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि त्या रात्री आग्र्यालाही बॉम्ब पडले. आग्रा आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि महाराजपूरचा हवाई तळ तर आमच्या गावालाच लागून. त्यामुळे भीती खरी होती. खिडक्यांच्या काचांवर खळीने चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या, बल्बला काळ्या पुठ्ठ्याची टोपी, गाड्यांचे दिवे वरून निम्मे काळे रंगवलेले. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे माणसांनी सगळे दिवे झाकले तरी वर लख्ख चांदणं. आजी चंद्राकडे बघून त्याला रागवायची.

अंधारात अभ्यास होत नाही. वाड्यातली सगळी मुलं जिन्याखाली गोधड्या घेऊन बसायची आणि दिवसभरात दोन्ही शाळांत जमलेला माल तिथे बाहेर निघायचा. बोलून ठरवलेलं नसलं तरी एक नियम सगळे पाळायचे. थापेची सुरुवात खऱ्या गोष्टीपासून झाली पाहिजे आणि तिच्यात कोणी मरता कामा नये.

किल्ल्याच्या कापडाचंच घ्या. ताजमहाल विमानातून दिसू नये म्हणून झाकला होता, हे खरं. बिर्लानगरात जे. सी. मिल होती आणि तिथे कापड निघायचं, हेही खरं. दादाच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे ‘बीबीसी’ म्हणत. त्याने या दोन गोष्टी जोडल्या. ताज झाकला, आता ग्वाल्हेरचा किल्ला झाकायचाय, मिलला तार आलीय, सगळे माग रात्रंदिवस त्याच कामाला लागलेत! किल्ला दोन-अडीच किलोमीटर लांब. माप घ्यायला शिंपी कमी पडले म्हणून बाड्यावरची (म्हणजे गावच्या मुख्य चौकातली) सगळी दुकानं बंद करून शिंप्यांना वर नेलं. तेली का मंदिर फार उंच, तर त्याला वेगळं टोपडं शिवलं. मग आलं सास-बहू का मंदिर. सासूचं मंदिर मोठं, सुनेचं लहान. सासूला झाकता झाकता कापड संपलं, आणि सून दोन दिवस तशीच उघड्यावर उभी! आमच्या वाड्यातल्या काकू हे ऐकून इतक्या हसल्या की ब्लॅकआउटचा वॉर्डन दाराशी येऊन ओरडला. त्याला म्हणे आवाजही बंद हवा होता.

तानसेनाची थाप मला सगळ्यांत आवडते, कारण ती दुसऱ्या कुठल्याच गावात होऊ शकली नसती. तानसेनाची समाधी आमच्याकडे. तिथल्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो, असं घरोघर मानतात. गाणं तर अंगणातच होतं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून चालू. आता बीबीसीची बातमी ऐका. वॉर्डनांनी गायनाच्या सर्व मास्तरांना नोटीस दिली आहे की युद्ध संपेपर्यंत दीपक राग गायचा नाही, दिवे पेटतील. पुढे एका थंडीच्या रात्री सायरनचा घसा बसला. इंजिनियर हरले. शेवटी कोणीतरी समाधीवरून ओंजळभर चिंचेचा पाला आणून सायरनच्या तोंडात कोंबला, आणि दुसऱ्या दिवशी सायरन असा शुद्ध षड्ज लावून वाजला की म्हातारे गवई खंदकात उतरायचं सोडून दाद देत रस्त्यावर उभे राहिले.

खंदक खरे होते. शाळेच्या मैदानात मुलांनीच खणले, वाकडे-तिकडे, नागमोडी. सरळ खणला तर एका टोकाला उडालेला छर्रा दुसऱ्या टोकापर्यंत जातो, म्हणून. आजोबांना खंदकाचा आकार विचारा, लगेच सांगतील. आत पालथं पडायचं, कानात बोटं आणि दातात रुमाल. आता डिसेंबर म्हणजे आमच्याकडे गजकेचे, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचे दिवस. गोष्टीतल्या मुलाने रुमालाऐवजी गजक धरली. खंदकातच हजेरी झाली, याचे दात चिकटलेले, ‘हजर’ म्हणता येईना. मास्तरांनी नावापुढे ‘बेपत्ता’ लिहिलं, घरी तार गेली आणि तार घ्यायला दार उघडलं ते त्यानेच.

मोठी मुलं १९६५ ची एक थाप राखून होती. तेव्हा पाकिस्तानचे छत्रीधारी सैनिक पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा इथे खरोखर उतरले होते आणि त्यांतले बरेच पकडले गेले. आमच्याकडच्या आवृत्तीत एक तुकडी वाऱ्याने भरकटून चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, पडली. बागींची, म्हणजे तिथल्या डाकूंची, शरणागती पुढे एप्रिल १९७२ ची, तोवर बीहडात त्यांचंच राज्य. त्यांनी सैनिकांचे बूट, घड्याळं, छत्र्या सगळं काढून घेतलं. ते बिचारे अनवाणी पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, साहेब, आम्हाला पकडा नाहीतर पकडू नका, पण आधी आमची चोरीची तक्रार लिहून घ्या.

आम्हा मुलींच्या थापा वेगळ्या असत, आणि माझ्या मते जास्त चांगल्या. आम्ही जवानांसाठी स्वेटर विणत होतो. शाळेत शिवणाच्या तासाला आणि घरी अंधारातही. अंधारात टाके मोजता येत नाहीत, बोटांनी चाचपत विणायचं. त्यातून निघाला तीन बाह्यांचा स्वेटर. तो तसाच गठ्ठ्यात बांधून गेला म्हणे, आणि सीमेवरून बाईंच्या नावाने पत्र आलं: तिसरी बाही बंदुकीला घातली आहे, थंडीत तिचा घोडा गारठत नाही, तरी कृपया बाकीच्यांनाही तसेच पाठवावेत. ही कोणी रचली ते मला माहीत आहे, पण नाव सांगणार नाही.

वर्गातल्या एका मुलीचे वडील मात्र खरोखर आघाडीवर होते आणि त्यांचं पत्र आलं नव्हतं. ती वर्गात आली की आमच्या गोष्टी बंद. दोन दिवस तिने हे सहन केलं. मग मधल्या सुट्टीत तीच म्हणाली, “बाबांची पत्रं रोज येतायत गं, पण ब्लॅकआउटमध्ये पोस्टमनला आमचा पत्ता वाचता येत नाही. तो रोज शेजारच्या म्हशीला वाचून दाखवतो. आता म्हशीला सगळी आघाडी पाठ आहे.” आम्ही आधी दचकलो, मग हसलो, मग तिच्याबरोबर रडलो. त्या दिवसापासून म्हशीची ताजी बातमी तिच्याकडूनच यायची. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्यानंतर वडिलांचं पत्र आलं आणि तिने ते वर्गात वाचून दाखवलं. त्यांनी काय काय खाल्लं तेवढंच त्यात होतं.

म्हणून आजोबांना ‘खरं का?’ असं विचारू नका. ‘मग पुढे?’ असं विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. सनावळी पुस्तकांत मिळते, म्हैस मिळत नाही. आणि ते ग्वाल्हेरचे निघाले तर माझं एक काम करा. किल्ल्याच्या कापडाचा रंग कोणता होता ते विचारा. आम्ही मुली शेवाळी म्हणायचो, मुलं खाकीवर अडून बसलेली, आणि दादा अजून ऐकत नाही.