यादी रोज नवी, काम मात्र तेच

प्रश्न : रोज सकाळी मी दहा-बारा कामांची यादी करतो. किरकोळ कामे उरकतात. पण ‘अहवाल पूर्ण करणे’ ही एक ओळ गेले तीन आठवडे रोज नव्या पानावर उतरते आहे. वेळ खरोखरच अपुरा पडतो, की माझेच काही चुकते?

उत्तर : वेळेपेक्षा आपला अंदाज अपुरा पडतो आहे. एखादे काम किती वेळ खाईल हे ठरवताना माणूस सारे सुरळीत पार पडेल असे गृहीत धरतो; डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. म्हणून मागच्या अहवालाला प्रत्यक्षात किती तास लागले ते आठवून तोच आकडा धरावा, मग तो कितीही नकोसा वाटो.

शिवाय ‘अहवाल पूर्ण करणे’ हे एक काम नसून कामांचे गाठोडे आहे. त्याऐवजी ‘मागील तिमाहीचे आकडे तक्त्यात भरणे’ असे लिहिले, तर हात लगेच चालू लागतो. त्यासाठी डोके ताजे असतानाची वेळ राखून ठेवावी आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही ‘पोमोडोरो’ पद्धत अनेकांना मानवते. लेखनात मात्र मन रमू लागते तोच घंटा वाजते, असा माझा अनुभव असल्याने मी ५० मिनिटांची बैठक पसंत करतो. फोन, पत्रोत्तरे अशी किरकोळ कामे दुपारनंतर एकदमच हातावेगळी करावीत.